दुर्बीण घाट चढते

आम्हा आष्टीकरांना जेऊर म्हटलं की नगरजवळचं आठवतं. मी म्हणतोय ते दुसरं, करमाळा तालुक्यातलं, सोलापूर लाइनीवरचं. 22 जानेवारी 1898 रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा त्या जेऊरवरून गेला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले कावसजी दादाभाई नायगमवाला तिथे यंत्रं घेऊन उतरले होते, आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच तळ ठोकून होते. एवढा सगळा खटाटोप दोनेक मिनिटांच्या अंधारासाठी. भूगोल शिकवताना मी हे जेऊर मुद्दाम सांगायचो. वेधशाळा म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे विलायत यायची.

नायगमवालांनी पुण्यात वेधशाळा उभारली ती भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून. त्यात मुंबई सरकारनेही भर घातली. डब्लिनच्या ग्रबकडची वीस इंची आरशाची दुर्बीण आली. त्या काळी देशात तिच्याएवढी मोठी दुसरी नव्हती. पण पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, म्हणजे आमच्या बीडपेक्षा फार उंच नव्हे. पावसाळाभर ढग, उन्हाळ्यात धुरळा. 1912 मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडाईकॅनालला रवाना झालं, 2343 मीटरवर. तिथे ती दुर्बीण बराच काळ नुसती पडून होती, याचा मला अजून राग येतो. पुढे तिचा वापर झाला, आणि 1980च्या दशकात तिला थेट लेहला नेलं, साडेतीन हजार मीटरवर. शंभरीला टेकलेल्या त्या दुर्बिणीला काम दिलं होतं लडाखच्या आकाशाची पारख करण्याचं. असल्याच पाहण्यांतून नव्या वेधशाळेसाठी लडाखमधलं हानले ठरलं. तिथे 4500 मीटरवर दोन मीटर आरशाची हिमालयन चंद्र दुर्बीण 2000 सालापासून उभी आहे.

एवढं वर कशाला? गुऱ्हाळावर चुलवाणाच्या पलीकडे उभा असलेला माणूस थरथरताना दिसतो, तसा हवेतून तारा दिसतो. जितके वर जाल तितकी मधली हवा कमी. हानलेला हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्याही आत येतो. शिवाय अवरक्त किरण गिळून टाकणारी वाफ तिथे फार थोडी.

नायगमवालांच्या काळात आमचा जिल्हा निजामाचा. हैदराबादला नवाब जफर जंग यांनी 1901 साली स्वतःच्या खर्चाने वेधशाळा थाटली. त्यांच्या मागे ती सरकारकडे गेली आणि निजामिया वेधशाळा म्हणून बेगमपेठेत आली. जगातल्या वेधशाळांनी आकाश वाटून घेतलं होतं. हैदराबादच्या वाट्याला आलेल्या पट्ट्याचे काचेच्या प्लेटांवर फोटो काढायचे आणि एकेका ताऱ्याची जागा मोजायची, हे काम तिथे वर्षानुवर्षं चाललं. पुढे शहराचे दिवे वाढले तसे निजामियावाले वर चढले नाहीत, नुसते बाजूला सरकले. 1968 साली जपाल-रंगापूरच्या माळावर 48 इंची दुर्बीण आली, आणि पुण्याच्या वीस इंचीचा मोठेपणा संपला.

वर गेली ती हैदराबादची दुसरी मंडळी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र तिथेच आहे. पातळ प्लॅस्टिकचा फुगा, आत हायड्रोजन, पूर्ण फुगला की पन्नास ते पंच्याऐंशी मीटर व्यासाचा. रात्री किंवा पहाटे सोडतात, तीसपासून बेचाळीस किलोमीटरपर्यंत चढतो. एवढ्या उंचीवर नव्व्याण्णव टक्के हवा खाली राहते. मीटरभर आरशाची अवरक्त दुर्बीणसुद्धा त्यांनी अशीच वर नेली. काम झालं की यंत्रं रंगीत पॅराशूटला लटकत उतरतात, तेलंगणात नाहीतर वाऱ्याने नेलं तर कर्नाटकात, महाराष्ट्रात. मग पेपरात निवेदन येतं: सापडलेली पेटी उघडू नका, आत जास्त दाबाची वीज असू शकते, पोलिसांना किंवा पोस्टात कळवा, बक्षीस मिळेल. कापसाच्या रानात अशी पेटी उतरली तर आधी गाव जमा होणार, पोलिस नंतर. निवेदन लिहिणाऱ्याला खेडं चांगलंच ठाऊक असावं.

पण फुगा काही तासांचा पाहुणा. आकाशातल्या क्ष-किरणांवर दीर्घकाळ नजर ठेवायची तर हवेबाहेरच राहावं लागतं. 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रह गेला, 650 किलोमीटरवर. त्याची कक्षा विषुववृत्ताशी फक्त सहा अंश कललेली. दक्षिण अटलांटिकवर विद्युतभारित कणांचा उपद्रव फार, तो टाळण्यासाठी ही योजना. त्यामुळे एकोणीस अंशांवरच्या बीडच्या डोक्यावरून तो कधीच जात नाही. फारच वर आला तरी दक्षिणेला क्षितिजापासून सोळा-सतरा अंशांवर. आष्टीच्या आसपास डोंगर आडवा आला, तर तेवढंही नाही.