घंटी, दिवा आणि बिल्ला : सायकलींच्या शहरातील भांडणांचा मागोवा

‘पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर होते’ हे वाक्य उच्चारताना जुन्या पुणेकराचा आवाज नकळत मऊ होतो. मोकळे रस्ते, दुतर्फा झाडे, कॉलेजकडे निघालेल्या सायकलींच्या रांगा आणि कोणाला कसली घाई नाही, असे एक चित्र त्या वाक्यामागे उभे असते. आजच्या वाहनकोंडीत घुसमटलेल्या माणसाला ते सुखावते, यात नवल नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाने सुखावणाऱ्या चित्राकडे जरा संशयानेच पाहावे. ते शहर खरेच इतके सोशिक होते का? सायकलस्वार एकमेकांशी, आणि मुख्य म्हणजे पायी चालणाऱ्यांशी, सौजन्याने वागत होते का?

मी लासुर्ण्याचा. बारामती-इंदापूर रस्त्यावरचे, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेले हे इंदापूर तालुक्यातले गाव. पुण्याच्या सायकलींची उठाठेव लासुर्णेकराने का करावी, असे कोणी विचारील. एक कारण असे की, शहरातली वागणूक नीट पाहायची तर शेजारी गावाकडची वागणूक ठेवून पाहावी लागते. दुसरे कारण आजचे आहे. आमच्या भागातून जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग झाला असून, त्याच्या कडेने वारकऱ्यांसाठी पायवाट आखलेली आहे. त्या वाटेवर कोणी चालायचे आणि कोणी कोणाला वाट द्यायची, हा प्रश्न पुण्याच्या पेठांनी शंभर वर्षे सोसलेलाच प्रश्न आहे.

लोक कसे वागत होते हे ठरवताना मी आठवणींपेक्षा नियमांवर अधिक विसंबतो. ‘येथे थुंकू नये’ ही पाटी लोक जिथे थुंकतात तिथेच लागते. नियम हा बहुतेकदा तक्रारीचा उलटा ठसा असतो. तो सरळ करून वाचला की तक्रार दिसू लागते.

आजच्या घडणीची, दोन सारख्या चाकांची आणि साखळीची सायकल इंग्लंडात १८८५ मध्ये ‘रोव्हर’ या नावाने बाजारात आली. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर काढला आणि सायकलीला वेग मिळाला. त्याच वर्षी इंग्लंडच्या कायद्याने सायकलीला गाडीचा दर्जा दिला आणि कोणाला ओलांडून जाताना घंटी वाजवणे सक्तीचे केले. म्हणजे वेग आणि तक्रार एकाच वेळी जन्मली. पुढच्या दशकात मान खाली घालून सुसाट जाणाऱ्या सायकलस्वारांना इंग्रजीत ‘स्कॉर्चर’ हे नाव पडले. न्यू यॉर्कमध्ये १८९५ साली थिओडोर रूझवेल्ट पोलीस खात्याचे प्रमुख असताना अशांना पकडण्यासाठी सायकलवरच्या पोलिसांचे पथक नेमावे लागले. रस्त्यावर मोटारींची गर्दी होण्याआधी पादचाऱ्याचा काळ ठरलेले वाहन सायकलच होते, हे आज आपण विसरून गेलो आहोत.

आपल्याकडे १८६० च्या भारतीय दंड संहितेत बेदरकारपणे वाहन हाकण्याबद्दल २७९ वे कलम होते. ते लिहिले गेले तेव्हा आजची सायकल अस्तित्वातच नव्हती. डोळ्यांसमोर घोडागाड्या आणि घोडेस्वार होते. पण ‘कोणतेही वाहन’ या शब्दांत सायकल आपोआप बसली. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने तर वाहनाच्या व्याख्येतच सायकलीचे नाव घातले. रस्त्याची डावी बाजू धरावी, पुढच्याला उजवीकडून ओलांडावे, फूटपाथवरून वाहन नेऊ नये, असे त्यात सांगितले आहे. राँग साइडने येणे आणि फूटपाथवर चढणे ही आजच्या पिढीची देणगी मानणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावे.

या कायद्यांच्या पोटात तीन लहानशा वस्तू होत्या : घंटी, दिवा आणि बिल्ला. प्रत्येकीमागे एक भांडण आहे.

घंटीचा मूळ अर्थ ‘मी मागून येतो आहे, सांभाळा’ असा. शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांतले अरुंद बोळ जुन्या वस्तीचे. समोरून पाण्याची कळशी घेतलेली बाई, दारात बसलेले म्हातारे, मध्येच धावणारी पोरे. अशा बोळात वेगाने शिरणाऱ्याच्या हाती घंटीचा अर्थ हळूहळू ‘बाजूला हो’ असा झाला. विनंतीची वस्तू हुकमाची झाली. पुण्यात सायकल ‘चालवत’ नसत, ‘हाणत’ असत. हे क्रियापदच पुरेसे बोलके आहे. दोघे-तिघे जोडीने, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, अख्खा रस्ता व्यापून गप्पा मारत जाणे हाही तिथला शिरस्ताच. मागच्याने घंटी वाजवली तर पुढच्याने ती ऐकू न आल्याचा आव आणायचा, आणि मग मागच्याने कट मारून पुढे जाता जाता दोन शब्द सुनवायचे. मराठी विनोदी लेखकांनी सायकलवरच्या पुणेकराची जी थट्टा केली, तिला रस्त्यावरचा हा आधार होता. हळव्या आठवणींनी जे पुसले ते विनोदाने टिपून ठेवले.

दिव्याची गोष्ट आणखी मजेची. रात्री सायकलीला दिवा हवा, असा नियम. सुरुवातीला तेलाचा दिवा, मग कार्बाइडचा, पुढे टायरला घासून फिरणारा डायनॅमो. डायनॅमो लावला की पायडल जड होई, म्हणून तो वर उचलून ठेवायचा आणि चौकात पोलीस दिसला की टेकवायचा. ज्याच्याकडे दिवाच नसे तो पोलिसाच्या अलीकडे उतरून सायकल हातात धरून चालू लागे, कारण चालणाऱ्याला दिव्याची सक्ती नाही. डबलसीटचेही तसेच. मागच्याला चौकाच्या अलीकडे उतरवायचे आणि पलीकडे पुन्हा बसवायचे. सापडलाच तर पोलीस चाकातली हवा सोडून देई. ही शिक्षा कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात नव्हती, पण ती जागच्या जागी होई आणि घरापर्यंत सायकल ढकलत नेताना चांगलीच लक्षात राही. यात गंमत आहे खरी. पण बिनदिव्याच्या दोन सायकली अंधारात समोरासमोर येत, तेव्हा होणारी टक्कर गमतीची नसे. दिवा हा स्वतःला रस्ता दिसावा एवढ्यासाठी नसतो. आपण दुसऱ्याला दिसावे, ही त्याची अर्धी गरज असते. नेमकी तीच अर्धी गरज लोकांना पटत नव्हती. पोलिसाला दिवा दाखवायचा, समोरच्या माणसाला नाही, अशी ही समजूत होती.

तिसरी वस्तू बिल्ला. नगरपालिकांना वाहनांवर कर बसवता येई, आणि महाराष्ट्रातल्या अनेक गावांत सायकलीवरही तो होता. कर भरला की नंबर कोरलेला बिल्ला मिळे आणि तो सायकलीला अडकवावा लागे. नाक्यावर तपासणी असे. बिल्ला चुकवण्यासाठी आडवाटेने गावात शिरणाऱ्यांच्या कथा प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी ऐकायला मिळतात. खरे तर बिल्ल्यामुळे सायकलस्वाराला एक ओळख मिळाली होती. धक्का देऊन पळालेल्याचा नंबर सांगता आला असता. पण बिल्ला वसुलीसाठी होता, जबाबदारीसाठी नव्हता. धावत्या सायकलीवरचा तो इवलासा अंक वाचणार कोण? पुढे बहुतेक ठिकाणी हा कर बंद झाला आणि सायकल पुन्हा निनावी झाली.

या ‘निनावी’ शब्दापाशी मला लासुर्ण्याकडे वळावेसे वाटते. आमच्याकडे सायकल आली ती कामाची म्हणून. भवानीनगरचा छत्रपती कारखाना आणि वालचंदनगर या दोन्ही ठिकाणी पाळीचा भोंगा झाला की रस्त्यावर सायकलींची रांग लागे. दुधाच्या किटल्या, कडब्याची पेंढी, शाळेची पोरे, सगळे सायकलीवर. लग्नात जावयाला घड्याळ आणि सायकल देण्याची पद्धत होती. या रस्त्यावर घंटी फारशी लागत नसे. मागून येणारा नाव घेऊनच हाक मारी. कोणी पोराने आडवीतिडवी सायकल घातली तर तो घरी पोचण्याआधी तक्रार पोचलेली असे.

हे वाचून गावाचे गोडवे गावेत असे वाटेल. तसे करणे म्हणजे पुणेकराच्या हळव्या चित्रासारखेच दुसरे चित्र रंगवणे होईल. गावातले सौजन्य ओळखीवर उभे होते, आणि ओळखीत फक्त नाव नसते. त्यात आडनाव, घर आणि जातही असते. देशाच्या अनेक भागांतल्या खेड्यांत दलित माणसाला वरच्या जातीच्या घरांसमोरून सायकलीवर बसून जाता येत नसे. त्याला उतरून, सायकल हाताने धरून चालत जावे लागे. ‘वाट देणे’ हा तिथे सौजन्याचा भाग नव्हता, पायरी ओळखून राहण्याचा होता. शहरात कोण कोणाचा हे कोणाला ठाऊक नसे. तिथली घंटी सगळ्यांसाठी सारखीच वाजे. निनावीपणाने उद्धटपणा आणला तसे स्वातंत्र्यही आणले. म्हणून शहरातल्या भांडकुदळ सायकलस्वाराला नावे ठेवताना मी जरा थबकतो. गावाकडची शिस्त हवी, पण तिची किंमत नको, ही आपली खरी अडचण आहे.

पुण्यात या अडचणीवर अर्धवट तोडगा होता तो भाड्याच्या सायकलींच्या दुकानात. तासावर सायकल मिळे. दुकानदार नाव-पत्ता लिहून घेई किंवा कोणाची तरी ओळख मागे. ब्रेक तुटला की जाब विचारी. डिसेंबर २०१७ पासून पुण्यात मोबाइलवरच्या ॲपने उघडणाऱ्या भाडोत्री सायकली आल्या, तेव्हा हा दुकानदार मधून गेला. सायकली फूटपाथवर आडव्या टाकलेल्या दिसू लागल्या. मोडतोडीच्या आणि चोरीच्या तक्रारी झाल्या. ॲपजवळ प्रत्येक माणसाचा फोन नंबर होता, पण जाब विचारणारे तोंड नव्हते.

मग सायकलस्वार गरीब बिचारा कधी झाला? याचे उत्तर पुण्याच्याच कारखानदारीत आहे. बजाज ऑटोला १९५९ मध्ये स्कूटर बनवण्याचा परवाना मिळाला आणि पुढे आकुर्डीत त्यांचा कारखाना उभा राहिला. १९७२ मध्ये बजाजची चेतक आणि कायनेटिकची लुना अशा दोन्ही आल्या. सायकलींच्या शहराने सायकलीला हटवणारी वाहने स्वतःच्या अंगणात बनवली. रस्त्यावरची उतरंड बदलली. काल जो पादचाऱ्याला ‘बाजूला हो’ म्हणत होता, त्यालाच आता स्कूटरवाला तसे म्हणू लागला. सायकलस्वार कडेला ढकलला गेला, तिथून फूटपाथवर चढला, आणि सगळ्यात शेवटी असलेला पादचारी होता तिथेच राहिला. पुढे पुण्यात सायकल मार्ग बांधले गेले, त्यांवर मोटारसायकली घुसल्या, हाताने विकणाऱ्यांच्या गाड्या उभ्या राहिल्या. आपल्यावर अन्याय झाला की आपला आधीचा अन्याय विसरायला होते. सायकलींच्या सोशिक शहराची आठवण याच काळात तयार झाली, असे मला वाटते.

म्हणून या साऱ्या भांडणांतून मला एकच गोष्ट हाती लागते. उद्धटपणा हा सायकलीचा गुण नाही आणि सौजन्यही नाही. बळी तो कान पिळी हा रस्त्याचा जुना नियम आहे. ज्याचा वेग आणि वजन जास्त तो अरेरावी करतो, आणि अरेरावी सोसणारा ती आपल्याहून हळू असलेल्यावर काढतो. नेदरलँड्सच्या १९९४ च्या रस्ता वाहतूक कायद्याने याच नियमाला उलटे केले. मोटारीची सायकलस्वाराशी किंवा पादचाऱ्याशी टक्कर झाली तर भरपाईची जबाबदारी मुख्यतः मोटारमालकावर येते. पण तो नियम मोटारींपुरता आहे. सायकल आणि पादचारी यांच्यातला हिशेब तिथेही त्यात येत नाही.

आता आमच्या रस्त्याकडे येतो. पाटस ते तोंडले-बोंडले या सुमारे १३० किलोमीटरच्या पालखी मार्गाच्या रुंदीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. त्याच्या दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र वाट आखली आहे. बेलवाडीचे रिंगण झाले की पालखी लासुर्ण्याच्या वाटेने अंथुर्ण्याकडे जाते. हजारो माणसे पुढे-मागे चालतात. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना क्रमांक ठरलेले असतात. दिंडीत पताकावाले पुढे, मागे टाळकरी, मृदंग, तुळशी घेतलेल्या बाया, वीणेकरी. तरण्या पोराला वेगाने पुढे जाता येत असते, तरी तो जात नाही. दिंडीची चाल म्हाताऱ्या पायांना झेपेल तीच असते. इथे घंटी नाही, बिल्ला आहे तो दिंडीच्या क्रमांकाचा, आणि तो जबाबदारीसाठी आहे.

पण पालखी वर्षातून एकदा येते. उरलेल्या दिवसांत त्या वाटेवरून शाळेच्या मुली सायकलीने जातील, उसाच्या हंगामात तोडणी कामगार बिनदिव्याच्या सायकलीवरून उलट्या बाजूने येतील, रविवारी पुण्या-बारामतीचे हौशी सायकलस्वार हेल्मेट घालून तिघे-तिघे समांतर धावतील, आणि ती मोकळी आहे म्हणून मोटारसायकलीही घुसतील. प्रत्येक जण दुसऱ्याला बेशिस्त म्हणेल. कामगाराला दिवा परवडत नाही आणि हौशी स्वाराला वेग सोडवत नाही. या दोघांना एकाच दंडाने मोजणे न्यायाचे होणार नाही. ग्रामपंचायतीने आणि महामार्गवाल्यांनी आताच ठरवावे : या वाटेवर जो सर्वांत हळू त्याचा हक्क पहिला, जो वेगाने येईल त्याने थांबावे, आणि ज्याच्याकडे दिवा नाही त्याला दंडाऐवजी दिवा द्यावा. पुण्याने हवा सोडण्यात पन्नास वर्षे घालवली. तेवढा वेळ आमच्याकडे नाही, कारण या रस्त्यावरची मोटार चेतकच्या कितीतरी पट वेगाने येते.