कावीळ उतरते म्हणजे काय उतरतं?

मेहकर तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवणारे आमचे एक स्नेही मागच्या पावसाळ्यात बी-प्रकारच्या काविळीनं आजारी पडले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी उशाखालून दोन रिपोर्ट काढले. पहिल्यात एसजीपीटी १८४० आणि बिलिरुबिन ८.४. आठ दिवसांनंतरच्या रिपोर्टात एसजीपीटी ६२० पर्यंत खाली आलेलं, पण बिलिरुबिन चढून ११.२! घरच्यांनी डोळे पाहून कावीळ वाढली असं ठरवलं आणि शेजारच्या गावातून माळ आणून गळ्यात घातली. सर आम्हाला म्हणाले, "एक आकडा खाली, एक वर. मी बरा होतोय की बिघडतोय, ते सांगा."

आम्हाला चटकन सांगता आलं नाही. नंतर वाचत गेलो तेव्हा ध्यानात आलं, की हे आकडे एकाच कागदावर छापलेले असले तरी ते एकाच प्रश्नाची उत्तरं नाहीत. ते वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजेपोटी शोधलेले आहेत.

सुरुवात १८८३ पासून करू. त्या वर्षी जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात जहाजबांधणी कारखान्यातल्या १२८९ कामगारांना देवीची लस टोचण्यात आली. ही लस माणसाच्या लशीच्या फोडातल्या द्रवापासून केलेली होती. पुढच्या काही महिन्यांत त्यांपैकी १९१ जणांना कावीळ झाली. दुसऱ्या साठ्यातली लस घेतलेले मात्र सुटले. ल्युरमान या डॉक्टरांनी ही नोंद नेटकी करून ठेवली, म्हणून आज आपण म्हणू शकतो की ती बहुधा बी-प्रकारची कावीळ होती. (सव्वाशे वर्षांनी, २००९ साली, गुजरातेत मोडासा परिसरात या रोगाची मोठी साथ आली, तेव्हा तपासात वापरलेल्या सुया-सिरिंजा पुन्हा वापरल्याचं पुढं आलं. रोग्याचं रक्त दुसऱ्याच्या रक्तात जाण्याची वाट तीच.)

त्याच १८८३ साली पॉल एर्लिश यांनी दाखवलं, की सल्फानिलिक आम्ल आणि सोडियम नायट्राइट यांच्यापासून केलेल्या द्रावणाशी बिलिरुबिन रंगीत पदार्थ तयार करतं. रंग जितका गडद तितकं बिलिरुबिन जास्त. पुढं १९१६ मध्ये हॉलंडच्या फान डेन बर्ग यांच्या लक्षात आलं, की काही रोग्यांच्या रक्तात हा रंग लगेच येतो, तर काहींच्या रक्तात अल्कोहोल मिसळल्यावरच येतो. रिपोर्टातले 'डायरेक्ट' आणि 'इनडायरेक्ट' हे शब्द तेव्हापासूनचे. यकृतात प्रक्रिया होऊन पाण्यात विरघळणारं झालेलं बिलिरुबिन ते 'डायरेक्ट'. लघवी गडद होते ती यामुळंच.

आता एक गंमत. लघवी स्वच्छ झाली तरी डोळे बरेच दिवस पिवळे राहतात. याचं कारण १९८०च्या दशकात उलगडलं. काही बिलिरुबिन रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला पक्कं चिकटून बसतं. अल्ब्युमिनचं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे वीस दिवस लागतात, आणि ही जोडी मूत्रपिंडातून गाळली जात नाही. म्हणजे आजचा पिवळेपणा हा बराचसा मागच्या पंधरवड्याचा हिशेब असतो.

एसजीपीटीची गोष्ट निराळी. १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, रॉब्लेव्स्की आणि कारमेन हृदयविकाराच्या झटक्याचा पुरावा रक्तात शोधत होते. हृदयाच्या पेशी मेल्या की त्यांच्यातलं एसजीओटी हे विकर रक्तात सांडतं, असं त्यांना आढळलं. यकृताच्या पेशींबाबतही तेच घडतं, हे लवकरच कळलं. इटलीत नेपल्सच्या दे रितिस यांनी १९५५ मध्ये विषाणूजन्य काविळीत ही विकरं मोजली. यकृताला अधिक खास असलेलं विकर म्हणजे एसजीपीटी. हल्ली त्याला एएलटी म्हणतात. रक्तातलं एसजीपीटी साधारण दोन दिवसांत निम्मं होतं, म्हणून त्याचा आकडा ताजा असतो. आत्ता किती पेशी फुटताहेत, एवढंच तो सांगतो. तेव्हा एसजीपीटी आधी उतरणं आणि बिलिरुबिन आणखी आठ-पंधरा दिवस चढत राहणं, हा बऱ्या होणाऱ्या काविळीचा नेहमीचा क्रम आहे.

पण इथंच सावध राहायला हवं. फुटायला पेशीच उरल्या नाहीत तरीही एसजीपीटी उतरेल! विझलेली आग आणि जळून गेलेलं घर, दोन्हीकडं धूर कमीच दिसणार. हा फरक कळतो तो आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये मांडलेल्या प्रोथ्रॉम्बिन टाइम या चाचणीतून. रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिनं यकृतच बनवतं. त्यांतलं एक तर सहा-एक तासांत निम्मं होतं. यकृतानं काम थांबवलं की रक्त गोठायला लागणारा वेळ दिवसभरात वाढू लागतो. तो वाढत असेल, त्यात रोगी गुंगीत जाऊ लागला किंवा असंबद्ध बोलू लागला, तर एक तासही घरी थांबू नये, मग एसजीपीटी कितीही 'छान' उतरलेलं असो.

सरांच्या डॉक्टरांनी ही चाचणी केली होती. तो कागद तिसरा होता आणि कपाटात राहिला होता. वेळ अगदी नॉर्मल होता. सर बरे होत होते.

माळही अर्थात लांबली. ओल्या काड्या वाळून बारीक होतात, दोऱ्याचे फास सैल होतात, माळ लांबते. खुंटीला टांगली तरी लांबते. वर्गात अशा दोन माळा करून एक मुलाच्या गळ्यात, एक खिळ्यावर ठेवावी आणि रोज पट्टीनं मोजावी. माळेला यश मिळतं ते मोठ्या माणसांतली ही कावीळ शंभरात पंचाण्णवांच्या वर आपोआप बरी होते म्हणून. तान्ह्या बाळांत नेमकं उलटं. जन्मतः लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांत विषाणू ठाण मांडतो, म्हणून लशीचा पहिला डोस जन्मल्यावर चोवीस तासांत देतात.

सरांचा एक कागद मात्र अजून यायचा होता. विषाणूचं कवच, म्हणजे एचबीएसएजी. ब्लुमबर्ग यांना ते १९६०च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात सापडलं आणि १९६७ च्या सुमारास त्याचा काविळीशी संबंध जुळला. बाकी सगळे आकडे नॉर्मल होऊनही हे रक्तात राहू शकतं, आणि सहा महिन्यांनंतरही राहिलं तर रोग जुनाट झाला असं धरतात. म्हणून डोळे पांढरे झाल्यावरही सरांनी सहाव्या महिन्यात बुलढाण्याला जाऊन रक्त दिलं. एचबीएसएजी निगेटिव्ह आलं. तोवर बाईंचे आणि दोन्ही मुलांचे लशीचे तीनही डोस पुरे झाले होते.