२५ क्रमांकाचे बंदर : घरातून निघालेली ई-मेल कुठे अडते?

१/ महाड हे एकेकाळचे बंदर. घाटांवरून उतरलेला माल येथून सावित्री नदी व बाणकोटच्या खाडीमार्गे समुद्राकडे जाई. संगणकाच्या जगातही ‘पोर्ट’ असतात. ई-मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाते ती २५ क्रमांकाच्या पोर्टमार्गे. आज महाड-पोलादपुरात कोणी घरगुती ब्रॉडबँडवर स्वतःचा मेल सर्व्हर उभारला, तर मजकूर निर्दोष असूनही त्याची पत्रे बहुधा नाकारली जातील. असे का? थ्रेड.

२/ १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ई-मेलच्या वाहतुकीचे नियम (एसएमटीपी) लिहिले. पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय त्यांत नव्हती. जाळ्यावर प्रामुख्याने विद्यापीठे व संशोधन संस्था होत्या. परस्परविश्वास गृहीत होता.

३/ एप्रिल १९९४ मध्ये कँटर व सीगल या अमेरिकी वकील दांपत्याने ग्रीन कार्डविषयक जाहिरात हजारो युजनेट चर्चागटांत टाकली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतीय जनतेसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा या विश्वासाला तडे गेलेले होते.

४/ त्या काळी जोडणी टेलिफोनवरून होई आणि दर खेपेस सहसा नवा आयपी पत्ता मिळे. एक पत्ता अडवला की स्पॅम पाठवणारा पुन्हा फोन लावी. उपाय म्हणून डायल-अप जोडण्यांचे पत्ते गटागटाने नोंदवणारी यादी तयार झाली; पॉल विक्सी यांच्या ‘मॅप्स’ने ती पुढे चालवली. कृतीऐवजी पत्ता पाहून निवाडा होऊ लागला, तो येथून.

५/ ऑगस्ट २००३ मध्ये ‘सोबिग’ विषाणूने घरोघरचे संगणक ग्रासले. मालकाच्या नकळत ते स्वतःच मेल पाठवू लागले. त्यानंतर अनेक इंटरनेट कंपन्यांनी घरगुती ग्राहकांसाठी पोर्ट २५ बंद केले. पासवर्ड देऊन आपल्या सेवादात्याच्या सर्व्हरकडे पत्र सोपवण्यासाठी ५८७ हे पोर्ट १९९८ पासूनच नेमलेले होते.

६/ आज ‘स्पॅमहाउस’च्या पीबीएल यादीत असे असंख्य पत्ते आहेत. तेथे नाव असणे हा आरोप नाही. कित्येक कंपन्या आपल्या ग्राहकांचे पत्ते स्वतःहून नोंदवतात. मात्र पत्र नाकारले गेलेल्याला हा भेद जाणवत नाही.

७/ स्पॅमचा एक मोठा मार्ग यामुळे रोखला गेला, हे मान्यच करावे लागते. किंमत मात्र निरपराध लहान माणसाने मोजली. स्वतःचा सर्व्हर चालवायचा तर स्थिर आयपी हवा, त्या पत्त्याची उलट नोंद हवी. आणि ही नोंद सहसा कंपनीच करून देऊ शकते. अन्यथा गावच्या वाचनालयाचा पत्रव्यवहारही दूरच्या बड्या कंपनीच्या हवाली करावा लागतो.

८/ हे बंदर सर्वांना बंद करण्याचा ठराव कोणत्याही सभेत झाला नाही. प्रत्येकाने आपापल्या दारापुरता, त्या वेळी रास्त वाटणारा बंदोबस्त केला. १९८२ चे नियम थोड्याफार फरकाने आजही लागू आहेत. त्यांनी दिलेली मुभा तेवढी घरगुती जोडणीपर्यंत पोहोचत नाही.