बिनगुणांचा तुकडा

प्रथमोपचारावरचा एखादा ऑनलाइन कोर्स डोळ्यांसमोर आणा. पडद्यावर एक पेटी, शेजारी सात-आठ वस्तू. योग्य त्या वस्तू ओढून पेटीत टाकायच्या. बँडेज, जंतुनाशक, कात्री आत जाणार, मुदत संपलेली औषधं बाहेर राहणार. आणि टॉर्च? टाकली तर बरं, नाही टाकली तरी काही बिघडत नाही. बोलताना आपण हे सहज म्हणून जातो. कोर्स बनवणाऱ्याला मात्र इथेच घाम फुटतो, कारण त्याच्या हातातल्या साधनाला बहुधा बरोबर आणि चूक एवढंच कळतं. ज्याचे गुण नाहीत अशा या तुकड्याचा माग काढायचा तर संगणकाच्या बरंच मागे जावं लागतं.

१८०० साली पॅरिसच्या मूकबधिर संस्थेत एक मुलगा आणला गेला. तो अव्हेरॉन भागातल्या रानात एकटाच वाढलेला होता. त्याचं नाव पुढे व्हिक्टर पडलं. तिथले तरुण डॉक्टर झाँ इतार यांनी त्याच्यासाठी एका फळ्यावर तीन कागद चिकटवले : लाल वर्तुळ, निळा त्रिकोण, काळा चौकोन. त्याच रंगांचे आणि आकारांचे पुठ्ठ्याचे तुकडे व्हिक्टरने जागच्या जागी लावायचे. त्याने ते लावले. इतारांचं समाधान मात्र झालं नाही. मुलगा आकार बघतोय, रंग बघतोय की नुसती जागा लक्षात ठेवतोय? मग त्यांनी जागा बदलल्या, पुढे रंग एकच ठेवून फक्त आकार वेगळे ठेवले. ओढून लावण्याच्या प्रश्नाची रचना कशी करावी याचा याहून चांगला धडा मला तरी ठाऊक नाही. गुणांचा तिथे प्रश्नच नव्हता. मुलगा नक्की काय पाहून उत्तर देतोय, एवढंच इतारांना जाणून घ्यायचं होतं.

इतारांचे शिष्य एदुआर सेगाँ यांनी खाचांचा लाकडी फळा केला आणि पुढे ते अमेरिकेत गेले. या फळ्याला दोन फाटे फुटले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी त्याच्याशेजारी घड्याळ ठेवलं. तुकडे किती सेकंदांत बसले यावरून बुद्धी ठरू लागली. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरणाऱ्या, इंग्रजी न येणाऱ्या स्थलांतरितांनाही असलेच लाकडी तुकडे जुळवायला दिले जात. शिकवण्यासाठी घडवलेली वस्तू मोजण्याच्या कामाला जुंपली गेली.

दुसरा फाटा मारिया माँटेसरींचा. १९०७मध्ये रोमच्या सान लोरेंझो वस्तीत त्यांचं बालगृह सुरू झालं. त्यांच्या साहित्यातल्या दट्ट्यांच्या ठोकळ्यात दहा खाचा आणि दहा दट्टे असतात. बारीक दट्ट्या मोठ्या खाचेत गेला की शेवटी एक जाडा दट्ट्या हातात उरतो आणि तो कुठेच बसत नाही. बाईंनी काही सांगायची गरज नाही, मूल स्वतःच मागे वळतं. चूक कळते, पण तिची नोंद कुठेच होत नाही. आपल्याकडे तेच तत्त्व बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५पासून बोर्डीच्या परिसरात नेलं. महागडं साहित्य परवडणारं नव्हतं, म्हणून खडे, शिंपले, पानं, बिया वापरल्या. वर्गीकरण करणाऱ्या मुलाच्या हातात एखादं पान असंही येणार की ते कुठल्याच ढिगात बसत नाही. ते बाजूला ठेवायला कुणाची हरकत नव्हती.

आपल्या शाळेच्या पेपरात मात्र घड्याळवाला फाटाच आला. ‘जोड्या लावा’ कुणी सोडवल्या नाहीत? ‘अ’ गटात पाच, ‘ब’ गटातही पाचच असतील तर चार येणाऱ्याला पाचवी फुकट मिळते आणि एक चुकली की दुसरीही हमखास चुकते. म्हणून जाणते शिक्षक ‘ब’ गटात दोन पर्याय जास्तीचे घालतात. हे जास्तीचे पर्याय आणि आपली टॉर्च यांची गल्लत नेहमी होते. ‘ब’ गटातला जास्तीचा पर्याय फसवायला ठेवलेला असतो, तो निवडला की गुण गेला. टॉर्च कुणाला फसवत नाही, ती निव्वळ प्रसंग खरा वाटावा म्हणून तिथे असते.

संगणकावर वस्तू ओढण्याची सवय सामान्यांना १९८४च्या मॅकिंटॉशने लावली, फाइल ओढून कचरापेटीत टाकायला शिकवून. शिक्षणात ती आणण्याचं मोठं काम ऑथरवेअरने केलं. मायकेल ॲलन यांच्या कंपनीचं हे साधन पुढे मॅक्रोमीडियाकडे आणि तिथून ॲडोबीकडे गेलं. त्यात पडद्यावर एक क्षेत्र आखायचं आणि वस्तू तिथे पडली की काय व्हावं ते ठरवायचं : तिथेच राहू दे, क्षेत्राच्या मध्यावर नेऊन बसव किंवा परत जागेवर पाठव. त्याहून मोलाची सोय म्हणजे प्रत्येक प्रतिसादाला तीन दर्जे होते : बरोबर, चूक आणि ‘निवाडा नाही’. बरोबरसमोर अधिक चिन्ह, चुकीसमोर उणे, तिसऱ्यासमोर काहीच नाही. टॉर्चची सोय झाली होती! २००७मध्ये ॲडोबीने ऑथरवेअरचा विकास थांबवला.

कोर्स आणि संस्थेची प्रणाली यांच्यातली नोंदीची भाषा ठरवणाऱ्या स्कॉर्मनेही, २००१च्या १.२ आवृत्तीत, निकालाच्या खान्यात बरोबर-चुकीशेजारी ‘तटस्थ’ हा शब्द ठेवला आहे. तो क्वचितच कुणी वापरतो. मला हा निव्वळ आळस वाटतो. अहवाल वाचणाऱ्या साहेबांना टक्के हवे असतात आणि तटस्थाचे टक्के निघत नाहीत.

आजच्या साधनांत सगळा खेळ एका गोष्टीवर ठरतो : गुण खाचेला की तुकड्याला? मूडलमध्ये चित्रावर तुकडे ओढण्याच्या प्रश्नात गुण खाचांवर मोजतात, त्यामुळे बाहेर राहिलेल्या तुकड्यांची झळ लागत नाही. नॉर्वेतून २०१३च्या सुमारास आलेल्या एच५पीमध्ये चुकीच्या जागी टाकल्याबद्दल दंड लावण्याची वेगळी खूण आहे. पेटी एकच असेल आणि ही खूण केली नसेल, तर सगळ्या वस्तू पेटीत ओतणाऱ्यालाही पैकीच्या पैकी मिळतात. खूण केली आणि टॉर्च पेटीच्या बरोबर उत्तरांत धरली नाही, तर टॉर्च टाकणाऱ्या शहाण्याला शिक्षा होते.

प्रश्न फक्त गुणांचा नाही, ओढण्याचाही आहे. २०२३च्या वेब सुलभता निकषांनी ओढण्याला पर्याय म्हणून नुसत्या टिचकीने काम व्हावं अशी अट घातली, ते योग्यच झालं. कंप पावणाऱ्या हाताने ओढलेला तुकडा मध्येच सुटला तर त्याला चूक म्हणायचं कसं?

तेव्हा असा प्रश्न बनवत असाल तर तो पुढे पाठवण्यापूर्वी तीनदा सोडवून पाहा. एकदा टॉर्च पेटीत टाकून, एकदा बाहेर ठेवून आणि एकदा पडद्यावरचं सगळंच्या सगळं पेटीत कोंबून. पहिल्या दोन वेळा गुण सारखे आले आणि तिसऱ्यांदा कमी झाले, तरच तो प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवा.