स्वस्तातली ताकद: देवळाली कॅम्प आणि इंजिनबांधणी

जुने इंजिन पूर्ण उघडायचे, झिजलेले भाग बदलायचे आणि बांधताना त्यातून मूळच्यापेक्षा थोडी जास्त ताकद काढायची, या कामाला नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात दोन बाजूंनी खतपाणी मिळाले. एक बाजू लष्कराची, दुसरी मुंबईहून हवापालटाला येणाऱ्यांची. एकीकडून गाड्या, सुटे भाग आणि मोजमापाची शिस्त आली. दुसरीकडून आले ते कसाऱ्याचा घाट न थांबता चढू पाहणारे हौशी गिऱ्हाईक.

इंग्रजांनी ही छावणी १८६० च्या दशकात वसवली. मुंबई बंदरात उतरलेल्या आणि मायदेशी परतणाऱ्या पलटणींचा मुक्काम इथे पडे. १८६५ मध्ये थळ घाटातून, म्हणजेच कसाऱ्याच्या घाटातून, रेल्वे इगतपुरीला पोचल्यावर ही ये-जा सोपी झाली. मोटारींच्या दृष्टीने मात्र खरे वळण १९४१ चे. त्या वर्षी काकूलचे तोफखाना प्रशिक्षण केंद्र, म्हणजे स्कूल ऑफ आर्टिलरी, देवळालीला हलवले गेले. त्या काळात तोफा ओढायला घोड्यांऐवजी मोटारी आल्या होत्या. २५ पौंडी तोफेमागे चार चाकांना जोर देणारा ट्रॅक्टर असे, निरीक्षक अधिकाऱ्यांना जीप लागे, दारूगोळ्याला ट्रक. एवढा ताफा चालता ठेवायला फिटर, टर्नर आणि वेल्डर लागत. १५ ऑक्टोबर १९४३ रोजी लष्कराच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र कोअर उभी राहिली, तीच आजची ईएमई.

लष्करी वर्कशॉपला कुठल्याही इंजिनाची ताकद वाढवायची नव्हती. शंभर इंजिने एकसारखी चालावीत, एवढीच अपेक्षा होती. पण त्यासाठी जी शिस्त लागते, तीच पुढे हौशी कामाचा पाया ठरली. सिलिंडरचा बोअर वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजायचा. क्रँकच्या जर्नल मायक्रोमीटरने तपासायच्या. रिंगेची फट फीलर गेजने पाहायची, बोल्ट ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या जोराने आवळायचे. मोजमाप आधी आणि खरेदी नंतर, हा क्रम गावोगावच्या गॅरेजांत सहसा उलटा असतो, आणि कमी पैशांत केलेले बहुतेक इंजिनकाम तिथेच फसते.

युद्ध संपल्यावर सरकारने शिल्लक लष्करी माल विकायला काढला. अमेरिकी फौजांचा भारतात उरलेला साठाही त्यात आला. ‘डिस्पोजलचा माल’ म्हणून जीप, ट्रक, टायर, पेटीबंद पिस्टन आणि बेअरिंग बाजारात उतरली. मुंबईत महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्यामुळे डिस्पोजलच्या जीपलाही पुढची कित्येक दशके सुटे भाग मिळत राहिले.

या जीपचे इंजिन हाच मुळात काटकसरीने केलेल्या ताकदवाढीचा नमुना होता. विलीज कंपनीकडे साधारण ४८ अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे जुने इंजिन होते. अभियंता डेलमार रूस यांनी नवे इंजिन आखण्याऐवजी तेच हाती घेतले. पिस्टन हलके केले, बेअरिंगे सुधारली, भागांमधल्या फटी काटेकोर केल्या, आणि २१९९ घनसेंटिमीटरचे तेच इंजिन ६० अश्वशक्तीपर्यंत नेले. आकार वाढवलाच नाही. स्वस्तात इंजिन बांधणाऱ्याने या उदाहरणातून उचलण्यासारखे पुष्कळ आहे.

जीपचे इंजिन साइड-व्हॉल्व्ह जातीचे. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या शेजारी बसतात, हेड म्हणजे जवळजवळ नुसते झाकण. म्हणून कॉम्प्रेशन वाढवण्याचा सोपा उपाय हेड घासून पातळ करण्याचा. मूळ कॉम्प्रेशन ६.४८ ला १. एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ५५० घनसेंटिमीटर, म्हणजे पिस्टन वर आल्यावर शिल्लक राहणारी जागा १०० च्या आसपास. ते प्रमाण ७ वर न्यायचे तर ही जागा ९२ वर आणावी लागते. फरक आठ-नऊ घनसेंटिमीटरचा, लेथवाल्याच्या एका बैठकीचे काम. पण हाव धरून जास्त घासले तर व्हॉल्व्हवरून सिलिंडरकडे जाणारी वाट अरुंद होते, मिश्रण गुदमरते, आणि कॉम्प्रेशनने मिळवलेले श्वासात हरवते. व्हॉल्व्ह हेडला टेकण्याचा धोका वेगळाच.

दुसरा मार्ग ‘हरिकेन’ इंजिनाचा. बोअर आणि स्ट्रोक तेच, पण इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये नेल्याने ताकद सत्तरीच्या पुढे गेली. महिंद्रांच्या सीजे-३बी जीपमध्ये ते असल्याने भारतात विपुल होते. अडचण उंचीची. या इंजिनासाठीच सीजे-३बीचे बॉनेट उंच केलेले आहे, युद्धकालीन जीपच्या बुटक्या बॉनेटखाली ते मावत नाही. इंजिन स्वस्तात पडले तरी पत्राकामाचा खर्च वर चढतो, आणि असले खर्च अंदाजपत्रकात सहसा आधी लिहिलेले नसतात.

देवळालीचे दुसरे गिऱ्हाईक बंगल्यांतले आणि सॅनिटोरियममधले. कोरड्या हवेसाठी पारशी आणि गुजराती कुटुंबे मुंबईहून इथे येत. शनिवारी निघून रविवारी परतायचे, तर आग्रा रोड आणि कसाऱ्याची चढण अटळ. १९५४ मध्ये कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट ११०० आणली. पुढे तिचीच पद्मिनी झाली. परवाना-राज्यात नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे, म्हणून हाताशी असलेली गाडीच पुन्हा पुन्हा बांधली जाई.

फियाटचा बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. चार सिलिंडरचे मिळून १०८९ घनसेंटिमीटर. बोअर एक मिलिमीटरने मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन टाकले तर ११२२ होतात, म्हणजे तीन टक्क्यांची वाढ, जी चालवणाऱ्याला जाणवतही नाही. तरीही ‘बोअर केल्यावर गाडी पळायला लागली’ असे गिऱ्हाईक सांगे, आणि ते खोटे नसे. कारण वेगळे होते. झिजून अंडाकृती झालेला सिलिंडर पुन्हा गोल झाला, रिंगा नीट टेकल्या, गळणारे कॉम्प्रेशन थांबले. जी ताकद आली ती नवी नव्हे, हरवलेली.

म्हणून जाणता मिस्त्री एस्टिमेट देताना खर्चाचा मोठा वाटा मशीनकामाला ठेवी. आधी इंजिन धूर मारते का, ऑइल खाते का, ऑइलचा दाब किती, प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन किती, हे गाडी चालती असतानाच पाहायचे. मग उघडायचे, धुवायचे, ब्लॉकला तडा आहे का तपासायचे. नवे पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करायचा नाही, कारण बोअर पिस्टनच्या मापाला जुळवायचा असतो. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड तराजूवर सारख्या वजनाचे करायचे. या कामाला पैसे फारसे पडत नाहीत, वेळ मात्र जातो, आणि वरच्या फेऱ्यांवर इंजिन थरथरत नाही. व्हॉल्व्ह लॅप करायचे, सीट कापायच्या, पोर्टच्या तोंडाशी गॅसकेट आडवी येत असेल तर ती जुळवायची. कार्ब्युरेटरचा जेट मोठा करायचा तर या सगळ्यानंतर, कारण श्वास न सुधारता पेट्रोल वाढवले की नुसता काळा धूर.

सुट्या भागांसाठी मुंबईत ऑपेरा हाउसचा बाजार, कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्यात नाना पेठ. पुढे सातपूरला परफेक्ट सर्कलचा पिस्टन रिंगांचा कारखाना निघाल्यावर एक चीज तरी नाशिकातच तयार होऊ लागली. घाटासाठी बांधलेल्या गाडीत मात्र रेडिएटर आणि पाण्याचा पंप हे पिस्टनइतकेच महत्त्वाचे. वाढवलेली ताकद म्हणजे वाढलेली उष्णता, आणि कसाऱ्यात पाणी उकळले की हेड गॅसकेटपासून सगळा खर्च पुन्हा सुरू. बांधल्यावर पहिले हजारभर किलोमीटर सपाट रस्त्यावर, इंजिनावर जोर न टाकता काढायचे. देवळालीतल्या लॅम रोडची बाजू त्याला बरी, घाट नंतर.

१९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनंतर हौसेचे काम मागे पडले. पेट्रोल परवडेना, म्हणून जीपमध्ये डिझेल इंजिने बसू लागली. ट्रॅक्टरच्या जातीचे इंटरनॅशनल, नंतर इगतपुरीच्या महिंद्रा कारखान्यात बनणारे २११२ घनसेंटिमीटरचे प्यूजो. सातपूरच्या मायको कारखान्यामुळे डिझेलच्या इंजेक्टरचे ज्ञान नाशिकात होतेच. हा सगळा व्यवहार प्रतिकिलोमीटर पैशांचा. वेगाशी त्याचा संबंध थोडा.

वेगाची हौस परतली ती मारुतीमुळे. १९८५ च्या जिप्सीत ९७० घनसेंटिमीटरचे इंजिन होते. १९९६ मध्ये १२९८ चे आले, आणि २००० च्या सुमारास त्याच आकारात सोळा व्हॉल्व्ह आणि इंजेक्शन येऊन ताकद साठवरून ऐंशीवर गेली. हलकी गाडी आणि त्याच घराण्याची मोठी इंजिने, शिवाय एस्टीम भंगारात निघू लागल्यावर तिची १३०० ची इंजिनेही स्वस्त झाली. लष्कराने जिप्सी मोठ्या संख्येने घेतल्याने तिचे भाग आणि तिला ओळखणारे हात छावणीच्या गावांत सहज सापडतात. नाशिक परिसरात रॅली ऑफ महाराष्ट्र भरू लागल्यावर कमी खर्चात बांधलेल्या गाड्यांना घड्याळाची कसोटीही मिळाली. इंजेक्शनच्या इंजिनात मात्र जेट बदलून भागत नाही. हेड घासले, कॅम बदलली, तर इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयूही त्याप्रमाणे जुळवावा लागतो, आणि ते काम पान्याने होत नाही.

कायद्याने यावर आता बऱ्याच मर्यादा घातल्या आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाला छेद देणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे लावले. इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. २०२१ च्या व्हिंटेज नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, पण चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी त्यात बसत नाही. त्यामुळे युद्धकालीन जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलेल्यांपैकी काही मालक आता मूळ साइड-व्हॉल्व्ह इंजिन शोधत आहेत, आणि एकेकाळी किलोच्या भावाने गेलेल्या ब्लॉकला त्यांच्याकडून चांगली किंमत येते.