१ जुलै : ‘आंधळ्यांची शाळा’
१९३३ साली आजच्या दिवशी ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने मुंबईच्या रिपन थिएटरात ‘आंधळ्यांची शाळा’चा पहिला प्रयोग केला. श्री. वि. वर्तकांचे हे नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या कृतीवर बेतलेले. त्यातली बिंबा झाल्या मूळच्या गोव्याच्या, १९ वर्षांच्या ज्योत्स्ना भोळे. सोबत पद्मावती वर्तक. बायकांची कामे पुरुषांनीच करायची, हा मराठी रंगभूमीवरचा दंडक हिराबाई बडोदेकरांनी आधीच मोडायला घेतला होता. लंडनने असाच दंडक १६६० मध्ये मोडला, पण तिथे शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त डेस्डेमोना झालेल्या पहिल्या स्त्रीचे नावही नीट नोंदले गेले नाही. पद्मावतीबाईंचे नाव असेच मागे राहिले. लोकनिंदेचा धोका दोघींनी सारखाच पत्करला होता, म्हणून पद्मावतीबाईंचे नावही आज आवर्जून घ्यायचे. भोळेबाई पुढे १९४२ मध्ये नाटककार रांगणेकरांच्या ‘कुलवधू’ नाटकात गाजल्या.