कागद बदलणारी पोरं

चिकवीड वाळवायला घेतलं की कळतं, हे रोप म्हणजे निम्मं पाणीच. एम.एस्सी.ला असताना दार्जिलिंगच्या सहलीत मी त्याचे चार नमुने प्रेसमध्ये दाबले आणि दमून झोपले. दुसऱ्या दिवशी ब्लॉटिंग पेपर बदलायचा राहिला, तिसऱ्या दिवशी उघडलं तर काळा लगदा. खोडाच्या एकाच बाजूने उतरणारी केसांची रेघ, ही त्याची खरी ओळख, भिंगातूनही दिसेना. सर एवढंच म्हणाले, "कागद कोण बदलणार होतं?"

पुढे हर्बेरियममध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकरच्या सिक्कीमच्या शीट्स हाताळताना तेच वाक्य कानात होतं. डांबरगोळ्यांच्या वासातल्या त्या जाड कागदांवर नाजूक देठसुद्धा शाबूत! लेबल मात्र कंजूष. सिक्कीम, समशीतोष्ण पट्टा, उंची अमुक ते अमुक हजार फूट, गोळा करणारा 'जे.डी.एच.'. संपलं. ना गाव, ना तारीख. नमुन्यांचे संच देशोदेशी वाटताना ही लेबलं नंतर छापली गेली, आणि छापताना वाट गळून पडली. (आज अशा शीटवरून ठिकाण नकाशावर टिंब लावून दाखवतात, तेव्हा मला हसू येतं.)

वाट सापडते हूकरच्या १८५४च्या प्रवासवर्णनात. ऑक्टोबर १८४८मध्ये तो दार्जिलिंगहून पूर्व नेपाळकडे निघाला, त्याच्यासकट ५६ माणसं. त्यांत लेपचा पोरं होती, झाडांवर चढायला आणि वनस्पतींचे कागद बदलायला. म्हणजे माझ्याकडून झाली नाही ती चाकरी त्यांनी मुक्कामामागून मुक्काम केली.

१८७४मध्ये एजवर्थ आणि हूकर यांनी 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'च्या पहिल्या खंडात चिकवीडचं कूळ लावलं. एका चिकवीडला 'सिक्कीमेन्सिस' हे नाव मिळालं. प्रदेशाचं नाव लागलं, साहेबांची आद्याक्षरं लागली. पोरांचं काही लागलं नाही.

मी शिकवायला लागल्यावर आमच्या कॉलेजच्या लेबलवर एक ओळ वाढवली: 'कागद बदलले'. पहिल्या वर्षाची मुलं फिदीफिदी हसतात. त्या ओळीवर बहुतेक वेळा लॅबमधल्या मामांचंच नाव येतं, कारण रविवारी प्रेस उघडायला दुसरं कुणी येत नाही.